राखलेलं पाणी

दारातून आत शिरलं की डाव्या हाताला, दिव्यांच्या बटणांच्या वर, इवल्या इवल्या दिव्यांची एक पट्टी होती. तिच्यावरचं बटण दाबून धरलं की कुठल्या टाकीत किती आहे ते कळायचं. टाक्या तीन. एक चांगल्या पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. पहिली भरलेली असावी आणि उरलेल्या दोन रिकाम्या, एवढीच कुणाचीही इच्छा असते. पण घरात माणसं राहायला लागली की सगळं नेमकं उलट होत जातं. माझा धाकटा भाऊ सकाळी उठला की चहाच्या आधी ते बटण दाबायचा आणि आतूनच जाहीर करायचा, "दोन तृतीयांश!" त्यावरून भावजय ठरवायची, भांडी घासायची की आज नुसती कागदाने पुसून ठेवायची.

मोटरहोम भाड्याची होती. अमेरिकेत तिला सगळे आरव्हीच म्हणतात. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक बिछाना, मागे एक पलंग, मधल्या टेबलाची फळी खाली केली की तिसरी निजायची सोय. गॅसची शेगडी, फ्रिज, आणि अंग चोरून अंघोळ करता येईल एवढी मोरी. नळ सोडला की पायाखाली कुठेतरी पंप घुरघुरायचा, त्यामुळे कोण किती पाणी वापरतंय हे सगळ्यांनाच कळायचं. वाईला आमच्या जुन्या घरात हा हिशेब आईच्या डोक्यात असे. पिंप किती उतरलंय, बंबात किती आहे, कळशी कुणी रिती ठेवली, तिला उठून बघावं लागत नसे. मग नळ आले, टाकी गच्चीवर गेली आणि आम्ही मोजायचं सोडून दिलं. मिनेसोटात, झाडांच्या पलीकडे अख्खं तळं पसरलेलं असताना, मी पुन्हा तांब्या-तांब्याने पाणी वापरायला लागले याचं मला राहून राहून हसू यायचं.

तळ्याचं नाव इटास्का. मिसिसिपी नदी इथे सुरू होते.

मिनिॲपोलिसहून हा चारेक तासांचा रस्ता, आरव्हीने त्याहून जास्त. घर घेऊन निघालेल्या माणसाला घाई परवडत नाही. शहरात नदी चांगली ऐसपैस आहे. तिथल्या सेंट अँथनी धबधब्याच्या जोरावर एके काळी पिठाच्या प्रचंड गिरण्या चालायच्या. पुढे सेंट क्लाउड, लिटल फॉल्स, ब्रेनर्ड. कधी उजवीकडून, कधी डावीकडून ती भेटत राहते आणि दर भेटीत थोडी लहान झालेली असते, एखाद्याचा आल्बम शेवटच्या पानापासून चाळावा तशी. ब्रेनर्डनंतर मात्र ती आपली वाट सोडून जाते. कारण इटास्कातून निघाल्यावर ही नदी आधी उत्तरेकडे बेमिजी गावाला जाते, मग पूर्वेला मोठा वळसा घेते आणि त्यानंतर कुठे तिला दक्षिणेची आठवण होते. जायचं मेक्सिकोच्या आखाताला आणि निघायचं बरोबर उलट दिशेने! मी असं म्हटल्यावर भाऊ म्हणाला, "ताई, अमेरिकेला यायच्या आधी मी कोलकात्यालाच होतो की."

गाडी चालायला लागली की घर वाजतं. फळ्यांना, खणांना, फ्रिजला सगळीकडे खटके असतात, निघण्यापूर्वी एकेक तपासायचा, सांडशी-झाऱ्यांच्या मध्ये पंचे कोंबायचे. तरीही काहीतरी एक वाजतच राहतं. दर वळणावर "ते काय आहे?" म्हणून भाची टपावरच्या बिछान्यातून डोकं खाली काढायची. शेवटी ते मिसळणाच्या डब्यातल्या चमच्याचं काम निघालं. चमचा काढून खिशात ठेवला, तेव्हा कुठे चाकांचा आवाज ऐकू आला.

घरासकट फिरण्याचं आपल्याला खरं तर अप्रूप वाटायला नको. धनगरांची बिऱ्हाडं घोड्यांवर चालतात, वर कोंबडी आणि कोकरू बांधलेलं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या ट्रंका, चुली, तान्ही पोरं घेऊन वाईच्या रस्त्याने जाताना मी लहानपणापासून बघत आले आहे. पण त्यांच्यातलं कुणी त्याला सहल म्हणणार नाही. इटास्काला आम्ही मुक्कामाला होतो त्या तळावर आमच्या शेजारी एक जुनी, फिकट पडलेली मोटरहोम उभी होती आणि तिच्या अंगावर चक्क 'इटास्का' असं लिहिलेलं. भावाला या गाड्यांची माहिती फार. म्हणाला, ही विनेबागो कंपनीची, शेजारच्या आयोवा राज्यातल्या फॉरेस्ट सिटी गावची. १९६६ साली त्यांनी मोटरहोम बनवायला घेतली आणि १९७५ पासून इटास्का नावाने वेगळ्या गाड्या काढल्या. विनेबागो हे हो-चंक लोकांना बाहेरच्यांनी दिलेलं नाव. विस्कॉन्सिनमधून त्यांना १८४० साली आयोवात हलवलं, तिथून मिनेसोटात, तिथेही एका जागेवरून दुसऱ्या जागी, आणि १८६३ मध्ये पार साउथ डकोटात. नंतर नेब्रास्का. घर उचलून चालत राहायला ज्यांना भाग पाडलं, त्यांच्या नावाची गाडी लोक हौसेने घर घेऊन हिंडायला विकत घेतात. शेजारचे आजोबा रोज संध्याकाळी त्या गाडीपुढे गालिचा अंथरून दोन खुर्च्या मांडायचे आणि आम्ही गेलो की हात करायचे. त्यांच्याशी हा विषय काढावा असं काही मला वाटलं नाही.

तळाचे नियम पाटीवर लिहिलेले. रात्री दहानंतर आवाज नाही. जनरेटर बंद, गाणी बंद, बोलणंसुद्धा हळू. आणि आश्चर्य म्हणजे दहा वाजले की खरोखरच सगळं मिटत जायचं. शेकोट्यांवर पाणी ओतल्याचा चर्र आवाज, एखादं दार, मग काही नाही. आमची खरी पंचाईत संध्याकाळी साडेसातला झाली. भावजयीने शेगडीवर कुकर चढवला आणि शिट्टी होणार तेवढ्यात तिचा हात थबकला. खिडकी उघडी, बाहेर पाइनचं दाट रान, पलीकडे कुणीतरी पुस्तक वाचत बसलेलं. "ताई, शिट्टी चालेल का हो इथे?" वेळ नियमाबाहेरची नव्हती. पण शिट्टी झाली आणि वाचणाऱ्या बाईंनी मान वर केली ती पक्षी शोधायला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पातेल्यातच भात लावला. मेतकूट-भात, वर लिंबाचं लोणचं. फोडणीचा वास त्या डब्यात दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुक्कामाला असायचा, तो वेगळाच.

तेव्हाच माझ्या मनात आलं, की ही शांतता आपसूक पडलेली नाही. ती कुणीतरी घड्याळ लावून, पाटी ठोकून, एकमेकांकडे जरा डोळे वटारून राखलेली आहे. रानाला काय, रान बोलतंच असतं. डासांची तर इथे एवढी गुणगुण, की लोक थट्टेने डासालाच राज्यपक्षी म्हणतात.

खरा राज्यपक्षी लून. त्याची ओळख तळ्यावर झाली. सकाळी भाड्याची कनू घेतली. कनूत बसायचं म्हणजे आधी आपल्या वजनाची ओळख करून घ्यायची. उभं राहायचं नाही, कडेला झुकायचं नाही, दोन्ही हातांनी काठ धरून, वाकून, मधोमध पाय टाकायचा. लाइफ जॅकेटचे पट्टे भाचीने माझ्यासाठी आवळले, शाळेतल्या बाईंच्या तोऱ्यात. ती पुढे, मी मध्ये प्रवाशासारखी, भाऊ मागे. दिशा मागच्याच्या हातात असते. पुढच्याने नुसतं ओढत राहायचं. घर एवढं मोठं की त्यात चमचा हरवतो, आणि इथे पाण्याची बाटली कुठे ठेवावी याचासुद्धा विचार करायला लागावा! दहा-बारा वल्ह्यांत किनारा मागे पडला आणि पाण्याचा पायाखालचा थरथराट पाठीच्या कण्यापर्यंत कळायला लागला. मध्ये फक्त नावेचं पातळ बूड. ओजिब्वे लोक या तळ्यांवर भूर्जाच्या सालीच्या कनू वापरायचे. साल मुळांच्या दोऱ्यांनी शिवायची, सांधे डिंकाने बुजवायचे. तळ्याकाठचा जंगली तांदूळही कनूतूनच काढतात, अजून. एक जण लांब काठीने नाव पुढे ढकलतो, दुसरा दोन हलक्या काठ्यांनी ओंब्या वाकवून दाणे नावेतच झोडपतो. भाताची खाचरं बघत वाढलेल्या माणसाला हे ऐकून त्या गवताकडे पाहुण्यासारखं बघता येईना.

लून आधी दिसला नाही, ऐकू आला. लांब, ओढलेली हाक, शेवटी किंचित वर जाणारी. मग बेटाच्या बाजूला काळी मान, पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी, लाल डोळा. पक्ष्यांची हाडं पोकळ असतात असं शाळेत शिकलो, पण याची बरीचशी भरीव. त्यामुळे तो फारसा खटाटोप न करता पाण्याखाली जातो. पाय इतके मागे की जमिनीवर धड चालता येत नाही, आणि उडायचं तर पाण्यावरून लांबच लांब धाव घ्यावी लागते. भाची कुजबुजली, "पाठीवर बघ, आत्या." पाठीवर एक करडं पिल्लू बसलेलं होतं. आम्ही वल्ही उचलून थांबलो. मोठा लून बुडी मारायचा, पिल्लू पाण्यावर एकटंच गोंधळून गोल फिरायचं, आणि तो भलत्याच जागी वर यायचा. आम्ही तिघांनी पैजा लावल्या, कुठे येईल. कुणीच जिंकलं नाही.

तळ्यात बेट एकच. त्याला स्कूलक्राफ्टचं नाव आहे. हेन्री स्कूलक्राफ्ट १३ जुलै १८३२ रोजी इथे पोहोचला, नदीचा उगम सापडला असं त्याने जगाला सांगितलं आणि काही तासांतच परतला. त्याला इथे आणलं ओझाविंडिब नावाच्या ओजिब्वे पुढाऱ्याने, ज्याला हे तळं सापडवायची गरजच नव्हती. पुढे १८८१ मध्ये विलर्ड ग्लेझियर नावाच्या गृहस्थांनी जवळचंच दुसरं तळं खरा उगम म्हणून जाहीर केलं आणि त्याला स्वतःचंच नाव देऊन टाकलं. ते खोडून काढायला जेकब ब्राउअर मोजमापं घेत इथे आला आणि इथलाच होऊन गेला. हे पाइनचं रान तोडलं जाऊ नये म्हणून त्याने खटपट केली. १८९१ साली राज्याच्या विधिमंडळात इटास्का उद्यानाचा ठराव मंजूर झाला, एका मताच्या फरकाने. म्हणजे त्या दिवशी एखाद्या सभासदाचं पोट बिघडलं असतं तर मी आज कशात वल्हं मारत असते कोण जाणे.

पण मत पडलं म्हणून तोड थांबली नाही. आसपासच्या रानात कुऱ्हाडी चालूच होत्या, आणि तोडलेले ओंडके वाहून न्यायला पाणी हवं म्हणून तळ्याच्या तोंडाशी लाकूडवाल्यांनी बांध घातला होता. पाणी तुंबायचं, काठावरची झाडं बुडून मरायची. १९०३ साली उद्यानाचा कारभार मेरी गिब्स नावाच्या चोवीस वर्षांच्या मुलीकडे आला. तिच्या वडिलांकडे ते काम होतं आणि ते वारले होते. ती बांधाच्या झडपा उघडायला गेली तेव्हा तिच्यावर बंदूक रोखली गेली. तरी ती मागे हटली नाही. त्या पदावर तिला काही महिनेच मिळाले आणि तोड नंतरही बरीच वर्षं चालली. आज उगमाजवळच्या माहिती केंद्राला तिचं नाव आहे. मी तिथला तिचा फोटो बराच वेळ पाहत उभी होते. या पाण्यावर ज्याला आपण निवांत म्हणतो, तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ओंडके आदळण्याचा, शिव्यांचा, घोड्यांचा गदारोळ असणार. कान देऊन ऐकलं तर काही ऐकू येत नाही, हेच विशेष.

बोटिंग म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतं ते महाबळेश्वरचं वेण्णा तळं. वाईहून पसरणीचा घाट चढून गेलं की पाहुण्यांना पहिल्यांदा तिथेच न्यायचं. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधून घेतलेलं. तिकिटाची रांग, पायडलच्या बोटी, एकमेकांवर आपटणाऱ्या, "अरे बाजूला घे ना!" असं ओरडणारे नवरा-बायको, काठावर भाजलेली कणसं, मक्याची भजी, स्ट्रॉबेरी विथ क्रीम, पाय आखडलेले घोडे. तिथे पाण्यावर जायचं ते पाण्यासाठी नव्हे. लोकांना लोकांमध्ये जायचं असतं, मध्ये थोडं पाणी असलं तर बरं. मला हे तळं आवडतं आणि इटास्कावर बसून त्याला नावं ठेवायचा मोह मी आवरला. चार मुलांची आई आठवड्याच्या एका सुट्टीत जेव्हा त्या हेलकावणाऱ्या बोटीत मोठ्याने हसते, तेव्हा तिला शांततेचे तास कुणी शिकवू नयेत.

आणि आणखी खाली उतरलं की तापोळा. कोयना धरणाचं पाणी, शिवसागर. तिथे खरी शांतता आहे, इटास्काच्या तोडीची. सोमवारी सकाळी लाँचमध्ये बसलं तर इंजिनाच्या पटपटीखेरीज काही नाही, दोन्ही बाजूंनी डोंगर पाण्यात उतरलेले. पण लाँचमधला माणूस बोटिंगला आलेला नसतो. तो रेशन घेऊन, मोटारसायकल चढवून, म्हाताऱ्या आईला दवाखान्यात दाखवून घरी चाललेला असतो. पाणी आलं आणि त्याच्या गावाचा रस्ताच गेला. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा जुन्या वस्तीच्या खुणा काही ठिकाणी वर येतात. एकदा लाँचमधल्या एका आजींनी मला बोट दाखवून सांगितलं होतं, "तिथं आमची विहीर." बोट सपाट पाण्याकडे होतं. पर्यटक त्याच पाण्याचा फोटो काढतात. माझ्याकडेही आहे तो.

इटास्काच्या बोटी पाण्याबाहेर काढतात तिथे एक मोठी पाटी आहे. बोटीच्या बुडाचं बूच काढा, पाणी पूर्ण निथळू द्या, शेवाळ-गवत झाडा, मगच रस्त्याला लागा. झेब्रा मसल नावाचा नखाएवढा शिंपला या तळ्यातून त्या तळ्यात असाच पोहोचतो, आणि एकदा शिरला की निघत नाही. बूच न काढता बोट रस्त्यावर नेणं हा इथे गुन्हा आहे. आमच्या कनूला बूच नव्हतं, तरी भाऊ ती उलटी करून निथळेपर्यंत उभा राहिला. दहा एकरांहून मोठी तळी मिनेसोटात ११,८४२ आहेत. हिमनद्या मागे हटल्या तेव्हा गाळात पुरलेले बर्फाचे ढिगारे वितळून त्यांतली कित्येक झाली. भाचीच्या मते मात्र पॉल बनियन नावाच्या राक्षसी लाकूडतोड्याची आणि त्याच्या निळ्या बैलाची ती पावलं. त्या जोडीचा १९३७ सालचा पुतळा बेमिजीला आहे आणि तो बघितल्याशिवाय परत जायचं नाही असं तिने आम्हाला बजावलं होतं.

निघायच्या सकाळी उगमावर गेलो. तळ्याच्या उत्तर टोकाला दगडांची एक ओळ, अलीकडे तळं, पलीकडे नदी. नदी म्हणजे काय, सात-आठ पावलांची, गुडघाभर पाण्याची. एका उभ्या ओंडक्यावर लिहिलंय की समुद्रापासून १,४७५ फूट उंचीवरून ती इथे निघते आणि २,५५२ मैल वाहत जाते. इथला थेंब आखाताला पोहोचायला नव्वद दिवस घेतो म्हणे. दगडांवरून तोल सावरत मिसिसिपी ओलांडायची, एवढ्यासाठी लोक लांबून येतात, आणि आम्हीही ओलांडली. भावाने मग हळूच सांगितलं की ही दगडांची ओळ नैसर्गिक नाही. मुळात इथे दलदल होती. १९३०च्या दशकात माणसं लावून पात्र नीट केलं, दगड रचले. मोठ्या नदीची सुरुवात बघायला आलेल्यांना सुरुवात दिसली तर पाहिजे.

भाची चिडली. तिला ते फसवल्यासारखं वाटलं. मी तिला जुन्या महाबळेश्वरातलं पंचगंगेचं देऊळ सांगितलं, काळ्या दगडातल्या गोमुखातून येणारी कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री. डोंगरात कुठे कुठे झिरपणारं पाणी कुणीतरी दगडात आणून बसवलेलं, आणि तरी आम्ही ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावतो ते. शिवाय तिथे आणखी दोन नद्या आहेत असं मानतात, भागीरथी दर बारा वर्षांनी येते आणि सरस्वती साठ वर्षांनी.

"आणि साठ वर्षं कोण मोजतं?"

"पुजारी मोजत असतील."

"ते मेले तर?"

"मग त्यांचा मुलगा."

"आणि तो माझ्या बाबासारखा इकडे आला तर?"

भाऊ दगडावर उभा राहून पाण्यात बघत होता. त्याने काही ऐकलं नाही, किंवा ऐकूनही वर बघितलं नाही. तेवढ्यात आमच्या शेजारून एक सहा-सात वर्षांचा मुलगा दगडावरून घसरून बुटांसकट मिसिसिपीत पडला, कमरेइतक्या पाण्यात उभा राहून खदखदा हसला, आणि काठावरून त्याच्या आईने तोंडाचा पट्टा सोडला. भाषा कुठली होती कोण जाणे, पण ती काय म्हणत होती ते मला शब्द न् शब्द कळलं. भावजय लांबून हात हलवत होती, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागी गाड्यांची रांग लागायला लागली होती.